तंबूतला डॉक्टर आणि बाबांचे मार्क

माझे वडील मिरजेच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि निबंधाला दहापैकी सहाच्या वर मार्क देत नसत. एका मुलाला एकदा साडेसहा मिळाले. तो पुढे कलेक्टर झाला, तर गावभर त्याचं कौतुक चाललेलं असताना बाबा म्हणाले, "अर्धा मार्क मी जास्तच दिला होता." दहा हा आकडा प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात छापायला असतो, द्यायला नसतो, असं त्यांचं ठाम मत. मी त्यांची सख्खी मुलगी, त्यांच्याच वर्गात, आणि 'माझा आवडता ऋतू'ला मला साडेचार. त्यावरून आईने त्यांच्याशी अबोला धरला होता. तेव्हाही त्यांनी मार्क वाढवले नाहीत, नुसती भाजी निवडून दिली.

रिटायर झाल्यावर तपासायला पेपर उरले नाहीत, तेव्हा त्यांनी उरलेल्या जगाला मार्क द्यायला घेतले. आई गेल्यानंतर मी त्यांना इकडे मिल्टनला घेऊन आले, आणि मग कॅनडाची पाळी आली. आमच्या घराला पाच, कारण गल्लीतली सगळी घरं एकमेकांचं बघून लिहिल्यासारखी आहेत आणि कॉपीचे मार्क कापावेच लागतात. माझ्या पोळ्यांना चार. जावयाच्या ड्रायव्हिंगला पाच, "सावध आहे, पण शैली नाही." इथल्या हिवाळ्याला तीन, शेरा: मुद्दा एकच, विस्तार फार.

बेसमेंटमधल्या टीव्हीवर एक चॅनेल लागतं, त्यावर दिवसभर जुन्या मालिका चालू असतात. माझ्या लेकीच्या भाषेत सांगायचं तर "शोज फॉर डेड पीपल". तिथे बाबांना एक युद्धाची मालिका सापडली. कुठल्याशा लढाईच्या मागे तंबू ठोकलेले, तंबूत दवाखाना, आणि त्यात तरुण डॉक्टर. हेलिकॉप्टरमधून जखमी येत राहतात आणि हे डॉक्टर हात रक्ताने माखलेले असताना एकमेकांची टर उडवतात. बाबांनी सुरुवातीला दोन मार्क दिले. डॉक्टरने ऑपरेशन करताना विनोद करावा हे मिरजेच्या माणसाला पटणं शक्यच नव्हतं. आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथला रिक्षावालासुद्धा बसल्या बसल्या निदान करतो. पण हिवाळा मोठा होता आणि बाबांना दुसरा उद्योग नव्हता. दोनाचे चार झाले, चाराचे साडेपाच. शेवटचा भाग बघून ते जिना चढून वर आले, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि म्हणाले, "सात."

मी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

त्यानंतरच्या सोमवारी त्याच वेळेला त्याच चॅनेलवर नवी मालिका सुरू झाली. तंबूतल्या डॉक्टरांपैकी एकाला उचलून त्याच्यावर ती बेतलेली होती. युद्ध संपून खूप वर्षं झालेली, हा आता मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचा मुख्य सर्जन, पोक्त, गंभीर, हाताखाली पोरसवदा डॉक्टर. नटही वेगळा. बाबांनी मला हाक मारून खाली बोलावलं. मी मीटिंगमध्ये होते, तरी गेले, कारण हाकेचा सूर पाइप फुटल्यासारखा होता.

"हा कोण?"

"तोच तो तंबूतला डॉक्टर, बाबा. आता म्हातारा झालाय."

"हा तो नाही."

"नट बदललाय. याला स्पिन-ऑफ म्हणतात. मूळ मालिका संपली की त्यातलं एक पात्र घ्यायचं आणि त्याला वेगळ्या ठिकाणी नेऊन नवी मालिका काढायची."

"म्हणजे कलम."

"हां, कलमच."

"चेहरा बदलला, वय बदललं, गाव बदललं, मित्र बदलले. मग तोच म्हणायचा कशावरून?"

"नाव तेच आहे की."

"एकाच नावाची चार मुलं असायची माझ्या वर्गात," बाबा म्हणाले, आणि त्यांनी या मालिकेला साडेतीन मार्क दिले. ते कधी बदलले नाहीत.

पण बघायचे मात्र रोज. दुपारी चारला, इस्त्रीची पँट घालून, चहाचा कप मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवून. आमच्या घरात हीटिंगचे व्हेंट असे आहेत की बेसमेंटमध्ये कुणी खोकलं तरी वर माझ्या टेबलाखाली ऐकू येतं. मी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. मी टोरोंटोच्या लोकांशी गंभीर चेहऱ्याने बोलत असायची आणि टेबलाखालून आवाज यायचा, "अरे, हात धू आधी, गाढवा." माझ्या मॅनेजरने एकदा विचारलं, इज एव्हरीथिंग ओके देअर? मी सांगितलं, माझे वडील पेपर तपासताहेत.

त्यांच्या तक्रारी बिनतोड असत. पेशंटचे नातेवाईक कुठे आहेत? एवढं मोठं ऑपरेशन, आणि बाहेर एकटी बायको? मिरजेत एका अपेंडिक्समागे आख्खी जीप येते. शिवाय, निदान इतक्या लवकर कसं होतं? म्हणायचे, माझ्या गुडघ्याच्या स्कॅनला अजून तारीख मिळायची आहे, आणि याच्याकडे जाहिराती धरून तासाभरात पेशंट घरी जातो. पण त्यांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता, आणि तो महिनाभराने बाहेर आला.

"या माणसाने," बाबा म्हणाले, "इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर एका तंबूत काढली, एका ताटात जेवला, त्यांच्यातल्या एकाचंही हा नाव घेत नाही. तुझ्या लक्षात आलं का?"

"ती माणसं या मालिकेत नाहीत, बाबा. वेगळी कंपनी असेल, करार असतील."

"नाव घ्यायला करार लागतो? सहज बोलता बोलता माणूस म्हणतो की, आमचा एक मित्र होता, तो असं करायचा. हा काहीच म्हणत नाही. जणू आभाळातून पडलाय या हॉस्पिटलात."

 मी मनात म्हटलं, कोण बोलतंय बघा.

कारण आई गेल्यापासून, दोन वर्षं होत आली तरी, या माणसाने तिचं नाव एकदा घेतलं नव्हतं. 'तुझी आई' नाही, 'ती' नाही, काहीच नाही. मिरजेच्या आठवणी खूप सांगायचे, पण त्या अशा: घरी पोह्यांत शेंगदाणे असायचे. अंगणात तुळस होती, तिला पाणी घातलं जायचं. दिवाळीला करंज्या व्हायच्या. करंज्या आपल्या आपणच होऊन डब्यात जाऊन बसत असाव्यात. मला त्याचा संताप यायचा, आणि मग मीही तिचा विषय काढायची नाही. दोघंही हट्टी. नवरा आमच्यात पडायचा नाही, तो शहाणा आहे.

तर असं आमचं चाललं होतं, आणि फेब्रुवारीत बाबा जिन्यात थांबायला लागले. बेसमेंटमधून वर येताना अर्ध्यात थांबायचे, भिंतीवर हात ठेवून. "काय झालं?" म्हटलं तर म्हणायचे, "रंगारी कामचुकार होता, इथे एकच हात दिलाय." मग रात्री जेवण कमी झालं. मग हिंगाची डबी त्यांच्या खोलीत जाऊन राहिली. वात आहे, म्हणाले. आमच्या घराण्यात वातावाचून कुणी मेलेलं नाही. आजोबा वाताने गेले, आत्या वाताने गेली, डॉक्टर काय वाटेल ते लिहोत. मी फॅमिली डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले, तर "मालिका झाल्यावर बघू" असं उत्तर मिळालं. कुठला भाग झाल्यावर, ते सांगितलं नाही.

मला कळलं ते शांततेमुळे. एका दुपारी मी वर मीटिंगमध्ये होते, चार वाजून गेले होते आणि टेबलाखालून मालिकेतले संवाद ऐकू येत होते. तो पोक्त डॉक्टर नेहमीप्रमाणे पेशंटच्या पलंगावर बसून उपदेश करत असावा. पेशंटच्या पलंगावर बसणं हा बाबांच्या मते मार्क कापण्याचा गुन्हा. मी वाट बघत होते. कुणी काही बोललं नाही. मग एक तरुण डॉक्टर चक्क हात न धुता जखम तपासायला लागला असावा, कारण नर्सच त्याला ओरडली. तरी खालून अवाक्षर नाही. मी माझ्या मीटिंगमधल्या लोकांना काही न सांगता उठले आणि धावत खाली गेले.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. चहावर साय धरली होती. चेहरा ओलसर, राखेसारखा, आणि डावा हात स्वेटरच्या आत.

"दुखतंय?"

"थोडंसं. वात आहे."

"उठा. हॉस्पिटल."

"एवढा भाग संपू दे."

मी टीव्ही बंद केला. अँब्युलन्स बोलवते म्हटलं तर म्हणाले, दारात अँब्युलन्स आली तर शेजारी काय म्हणतील. शेजाऱ्यांच्या घराचं गॅरेज उघडतं आणि मिटतं, याहून जास्त मला त्यांची माहिती नाही. पण वाद घालण्यात वेळ गेला असता आणि हॉस्पिटल जवळ होतं. मी गाडीची किल्ली घेतली. बाबांनी तेवढ्यात शर्ट बदलला. हो, शर्ट बदलला. डॉक्टरकडे जायचं तर इस्त्रीचा शर्ट हवा. छातीत कळ येत असताना हा माणूस बटणं लावत उभा राहिला, आणि मी दारात बूट घालून त्यांना मनातल्या मनात नको ते बोलत होते.

इमर्जन्सीत काउंटरमागे एक वयस्क नर्स होती, पांढरे केस आखूड कापलेले, चष्मा साखळीने गळ्यात. तिने विचारलं, काय होतंय. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी त्यांच्या स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं की जठराचा किरकोळ त्रास आहे, वायूमुळे. मी म्हटलं, त्यांच्या छातीत दुखतंय. बाबा म्हणाले, पोटाचा वरचा भाग. नर्सने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि तो प्रश्न विचारला. झीरो टू टेन, दुखणं किती आहे?

बाबांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना अधिकृतपणे मार्क द्यायला सांगत होतं.

"दहा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कल्पना करता येईल असं सगळ्यात भयंकर दुखणं."

"कल्पनेला मर्यादा नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे दहा देता येणार नाहीत." मग डोळे मिटून त्यांनी थोडा विचार केला. "थ्री अँड अ हाफ."

नर्सने ते टाइप केलं आणि आम्हाला बसायला सांगितलं. लवकरच बोलावतो म्हणाली.

आम्ही खुर्च्यांवर जाऊन बसलो. समोर एक मुलगी मनगटावर गोठलेल्या मटारची पिशवी धरून रडत होती. एक माणूस बुटातला बर्फ मॅटवर झटकत होता. बाबा परीक्षेच्या हॉलवर सुपरविजनला बसल्यासारखे ताठ, पण इस्त्रीच्या शर्टाची कॉलर भिजून मानेला चिकटली होती. लवकरच म्हणजे किती लवकर? या माणसाने आयुष्यभर सगळ्यांचे मार्क कापले आणि आता स्वतःच्या दुखण्याचेही कापून ठेवलेत, असं माझ्या मनात आलं. मी त्यांचा दंड धरला आणि परत काउंटरवर घेऊन गेले.

"हे साडेतीन खरे नाहीत," मी नर्सला म्हटलं. "म्हणजे खरे आहेत, पण यांचे आहेत. हे शिक्षक होते. हे कुणालाच मार्क देत नाहीत."

असं सांगणाऱ्या मुली तिला रोज भेटत असणार. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही आजवर सगळ्यात जास्त किती दिलेत?"

"सात."

"कशाला?"

बाबांनी त्या युद्धाच्या मालिकेचं नाव सांगितलं. नर्सचा चेहरा उजळला. ती लहानपणी ती मालिका वडिलांच्या शेजारी बसून बघायची. "मी नऊ दिले असते," ती म्हणाली.

"नाइन?" बाबा म्हणाले. तशा अवस्थेतही त्यांना तो आकडा सहन झाला नाही.

"आणि त्यातून पुढे ती दुसरी निघाली, हॉस्पिटलची, तिला?"

"थ्री अँड अ हाफ."

"म्हणजे त्या मालिकेइतकं दुखतंय तर," नर्स म्हणाली आणि दोघंही हसले. बाबा हसता हसता काउंटरला धरून उभे राहिले. माझा जीव चालला होता आणि ही दोघं टीव्हीवर बोलत होती. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. बाबांकडे वळून मराठीत विचारलं, आणि काय विचारतेय ते तोंडातून गेल्यावरच मला कळलं.

"बाबा, आई गेली त्या दिवशी किती होते?"

त्यांचं हसू गेलं.  दोन वर्षांत आमच्या दोघांमध्ये हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. मला वाटलं ते रागावतील किंवा मान फिरवतील. पण प्रश्न मार्कांचा होता, आणि मार्कांच्या बाबतीत त्यांनी जन्मात कधी खोटेपणा केला नव्हता. त्यांनी नीट विचार केला.

"चार," ते म्हणाले.

नर्स माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, "माझी आई वारली तो दिवस, हे म्हणतात, चार होता."

ती लगेच खुर्ची मागे सारून उठली, काउंटरच्या बाजूचं दार उघडून बाहेर आली, भिंतीजवळची व्हीलचेअर ओढली आणि बाबांना स्वतः धरून तिच्यात बसवलं. दुहेरी दारातून आत जाताना ती कुणाला तरी मोठ्याने हाका मारत होती. मी मागे धावले.

पुढचं सगळं भराभर झालं. छातीला तारा चिकटवल्या, कागदाची पट्टी निघाली, एका तरुण डॉक्टरने ती बघितली आणि त्याचं बोलणं तुटक झालं. हार्ट अटॅक होता. आदल्या दिवसापासून येत-जात असावा. तिथे त्याची सोय नव्हती, म्हणून लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवायचं ठरलं, आणि बाबांना शेवटी अँब्युलन्समध्ये बसावंच लागलं. दार लावायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "आपल्या गल्लीवरून नाही ना जाणार ही?" नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मी गाडी घेऊन मागे निघाले. वायपर चालू होते, बर्फ नव्हता, मीच रडत होते. नवरा टोरोंटोहून येणाऱ्या ट्रेनमध्ये अडकलेला, फोनवर नुसतं "मी येतोय, मी येतोय" म्हणत होता.

त्या रात्री त्यांच्या हृदयाच्या शिरेत दोन स्टेंट घातले. ते घालणारी डॉक्टर माझ्याहून लहान होती. नंतर ती मला म्हणाली की आणखी उशीर झाला असता तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. मी तिचे हात धरले आणि तिला मराठीत काय काय म्हणाले, ते आठवत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

दोन दिवसांनी मी डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले. वॉर्डच्या दाराशी पोचले तर आतून बाबांचा आवाज येत होता. शेजारच्या पलंगावर एक पोर्तुगीज म्हातारा होता, त्याच्याशी इंग्रजीत बोलत होते. मला वाटलं, हॉस्पिटलला मार्क देत असतील. मी कोट काढायला बाहेरच थांबले.

ते त्याला सांगत होते की माझी बायको कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची आणि मग मला जेवताना सांगून टाकायची, त्यामुळे आयुष्यात मी एकही कादंबरी धडपणे वाचू शकलो नाही. ती घोरायची आणि कबूल करायची नाही. माझं बीपी निघालं तेव्हा तिने घरातलं मीठ लपवलं आणि कुठे लपवलं ते स्वतःच विसरली, म्हणून आठवडाभर सगळे अळणी जेवलो. मुलीला मी कमी मार्क दिले तर माझ्याशी बोलेना, मग मी गुपचूप तिच्या शेजारी बसून गवारी निवडली. ती माझ्या हातातून गवार काढून घेत म्हणाली, शिरा तरी नीट काढा. एकामागून एक सांगत होते, व्याकरणशुद्ध, पूर्ण वाक्यांत, मधे थांबून योग्य शब्द शोधत. पोर्तुगीज म्हातारा हसत होता. त्याला किती कळत होतं कुणास ठाऊक.

मी दारात उभी राहिले. मराठीत ज्यातलं एक अक्षर त्यांना जमलं नव्हतं, ते सगळं या परक्या भाषेत, परक्या माणसापाशी सरसर बाहेर येत होतं. मला वाटलं, आत गेले तर थांबतील. म्हणून मी डबा घेऊन तशीच उभी.

पण त्यांनी मला बघितलं. बोलणं मधेच थांबलं. क्षणभर त्यांनी माझ्याकडे आणि त्या म्हाताऱ्याकडे आळीपाळीने बघितलं, आणि मग मला हाताने बोलावलं.

"ये," ते मराठीत म्हणाले. "तुझ्या आईचं सांगत होतो यांना. बस."

मी खुर्ची ओढून बसले. मला रडू आवरेना. बाबा पुढचं सांगत राहिले.